संगतीने पालटणारा रंग

भोसरीहून मोशी, मोशीहून चाकण असा कारखान्यांचा जो सलग मुलूख गेल्या पाऊणशे वर्षांत पुण्याच्या उत्तरेस उभा राहिला, त्यातल्या कित्येक लहानमोठ्या शेडमध्ये गिअर, पिस्टन रिंगा आणि कॅमशाफ्ट यांवर फॉस्फेटचा काळसर, तेल धरून ठेवणारा थर चढवण्याचे काम चालते. आणि अशा शेडच्या एखाद्या कोपऱ्यात, आम्लाच्या कॅनांच्या शेजारी, फिकट बदामी, उजेडात धरली तर किंचित गुलाबी भासणारी एक भुकटी पोत्यात भरून ठेवलेली असते. ती मँगनीज कार्बोनेटची. उकळीच्या उंबरठ्यावर असलेल्या टाकीतले मोकळे आम्ल प्रमाणाबाहेर गेले, की ही भुकटी पाण्यात कालवून बेताबेताने सोडायची, आम्ल मारायचे, आणि रोजकीर्दीत तिच्या वजनाची नोंद करायची, एवढाच तिचा तेथला कारभार. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकांची तिच्याशी पहिली ओळख अशाच एका शेडमध्ये, रसायनतज्ज्ञाच्या नोकरीत झाली. वर्षानुवर्षे तिच्याशी व्यवहार करूनही तिच्यात काही रंग दडला असेल अशी शंका त्यांना आली नाही, कारण टाकीत पडताच ती फसफसून नाहीशी होई. पुढे निवृत्तीच्या सुमारास चिंचवडच्या घराच्या गच्चीवर त्यांनी विजेची एक लहान भट्टी बसवली आणि तीच भुकटी, या खेपेस किलोंऐवजी ग्रॅमांत तोलून, मातीच्या भांड्यांच्या झिलईत घातली. तेव्हा भट्टीतून निघालेल्या तीन चाचणी-फरशांपैकी एकीवर काकवीची तपकिरी होती, दुसरीवर कोवळ्या वांग्याचा जांभळा होता, आणि तिसरीवर जे होते त्याला फोड म्हणावे की रंग, हे ठरवता येत नव्हते. भुकटी एकच, तोल एकच, आच एकच. बदलली होती ती फक्त मूळ झिलई. या पुस्तकाचा जन्म त्या तीन फरशांतून झाला.

प्रस्तावना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले ते विद्वत्तेमुळे नव्हे. मी चाकावर बसून मातीत हात घालणारा. रसायन मला उशिरा आणि पुष्कळसे नाइलाजाने आले. परंतु मँगनीजने फसवलेल्यांच्या यादीत माझे नाव बरेच वर असल्याने, नवख्या वाचकाला या विषयाच्या वेशीपर्यंत आणून सोडण्याचा अधिकार मला असावा, असे लेखकांनी मानले.

विषयाचे मर्म सांगायचे तर असे आहे. कोबाल्ट हा मानी रंग आहे. तो कोणत्याही झिलईत गेला तरी बहुधा निळाच राहतो. तांबे लहरी आहे, पण त्याच्या लहरींचा पंचांगासारखा हिशेब मांडता येतो. मँगनीजला मात्र स्वतःचा हट्ट नाही. ज्या संगतीत ते पडते तिचा गुण ते घेते. सोडा-पोटॅशसारखे क्षार भरपूर असलेल्या आणि ॲल्युमिना बेताचाच असलेल्या झिलईत ते जांभळे होते. शिशाच्या, टांकणखाराच्या किंवा चुन्याच्या झिलईत ते तपकिरीकडे वळते. ॲल्युमिनाशी त्याची गाठ नीट पडली तर त्याच्यापासून फिकट गुलाबी रंग तयार होतो. कोबाल्टच्या जोडीने जांभळटपणा अधिक गहिरा होतो, लोहाच्या जोडीने काळेपणा येतो, आणि तांब्याच्या जोडीने, प्रमाण फार चढवले तर, कांशाचा धातुमय तवंग पृष्ठभागावर उमटतो. भट्टीत हवेचा तुटवडा पडला तर जांभळा फिकटतो, कारण तो ज्या अवस्थेवर अवलंबून असतो तिला प्राणवायू लागतो. म्हणून 'मँगनीजचा रंग कोणता' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला असतो. आमच्या कुंभारकामाच्या वर्गातून आणि कित्येक छापील पाककृतींतून 'मँगनीज : तपकिरी' असा एका शब्दाचा निकाल दिला जातो, त्यावर माझा जुना राग आहे, आणि लेखकांनी तो राग शास्त्राच्या भाषेत मांडला याचे मला समाधान आहे.

आता मँगनीज डायऑक्साइड स्वस्त आणि मुबलक असताना कार्बोनेटच का, असा सवाल नवखा वाचक करील, आणि तो रास्त आहे. डायऑक्साइडची काळी भुकटी तापू लागली की पाचशे-सहाशे अंशांच्या टप्प्यात प्राणवायूचा एक हप्ता सोडते, साडेनऊशेच्या आसपास दुसरा सोडते, आणि झिलई वितळून पृष्ठभाग मिटू लागल्यावरही तिचे देणे पुरते फिटलेले नसते; मग तो वायू काचेला फोडत वर येतो आणि भांड्याच्या अंगावर देवी आल्यासारखे व्रण राहतात. कार्बोनेट आपल्या पोटातला कार्बन डायऑक्साइड पुष्कळ आधी, झिलई अद्याप कोरडी आणि सच्छिद्र असतानाच, बहुतांशी बाहेर टाकते. शिवाय त्याचा कण बारीक असल्याने रंग ठिपक्याठिपक्याने न उमटता एकसारखा पसरतो. ठिपकेच हवे असतील तर डायऑक्साइडचा भरड कण मातीतच मळावा. तो वेगळा संप्रदाय आहे आणि त्याचेही सौंदर्य आहे. हिशेबाची एक गोष्ट मात्र येथेच नमूद करून ठेवतो. कार्बोनेटच्या शंभर भागांतून भट्टीत रंगाच्या कामी येणारे मँगनीजचे साधे ऑक्साइड जेमतेम ६२ भाग मिळते, डायऑक्साइडच्या शंभर भागांतून जवळजवळ ८२. म्हणून एकाच्या जागी दुसरे घालताना डायऑक्साइडच्या एका भागाला कार्बोनेटचे सुमारे १.३ भाग धरावे लागतात. हे गणित ठाऊक नसल्यामुळे मी तीन वर्षे फिकट तपकिरी कप विकले आणि लोकांना तो माझा सौम्य स्वभाव वाटला. त्याहून वाईट प्रसंग पुढे आला. एका व्यापाऱ्याकडून कार्बोनेट म्हणून आणलेल्या पुड्यात डायऑक्साइडची भेसळ निघाली. भुकटीचा रंग जरा मळकट आहे एवढे दिसूनही मी ती वापरली, आणि अख्खी भट्टी फोडांनी भरली. पांढऱ्या कागदावर चिमूट पसरून रंग पाहावा आणि आम्लाचा थेंब टाकून फसफस पाहावी, ही रुजवात त्या दिवसापासून मी कधी चुकवलेली नाही.

या द्रव्याचा इतिहास शोधू गेले तर तो नावापेक्षा कितीतरी जुना निघतो. मँगनीज हे मूलद्रव्य म्हणून १७७४ साली ओळखले गेले. शेले यांनी त्याची जात ओळखली आणि गान यांनी ते धातुरूपात वेगळे काढले. परंतु त्याचा काळा दगड कुटून रेघ ओढण्याचे काम माणूस हजारो वर्षे करीत आला होता. तांबड्या भांड्यावर काळी रेघ ओढायची आणि भांडे मोकळ्या हवेच्या आचेत भाजायचे, तर लोहाची रेघ तांबडी होऊन अंगाच्या रंगात बुडून जाते. मँगनीजची रेघ काळी ती काळीच राहते. हडप्पाकालीन भांड्यांवरच्या काळ्या नक्षीत लोहाबरोबर मँगनीज सापडते ते यामुळे. आपल्या दारापाशी यायचे तर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे; डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगीन वस्तीबरोबर कुंभाराची गोल भट्टीही उजेडात आणली. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावाचे नाव मिळालेली, तांबड्या अंगावर काळ्या भौमितिक रेषा मिरवणारी ती पातळ, खणखणीत आवाजाची भांडी डेक्कन कॉलेजच्या संग्रहात पाहताना माझे लक्ष तोटीच्या डौलापेक्षा रेघेकडे जाते. आच, हवा आणि रंगद्रव्य या तिघांचा मेळ ज्याने इतका अचूक बसवला, तो भीमेच्या खोऱ्यातला कुंभार आमच्या औद्योगिक पट्ट्याचा पहिला तंत्रज्ञ होता, असे म्हटले तर चाकणच्या मंडळींनी रागावू नये.

झिलई आल्यानंतर मँगनीजचे घराणे फुटले, आणि त्याच्या शाखा जगभर पसरल्या. स्पेनमध्ये दहाव्या शतकात कॉर्डोव्याच्या खिलाफतीच्या काळी पांढऱ्या झिलईवर तांब्याचा हिरवा आणि मँगनीजचा तपकिरी-जांभळा अशी जोडगोळी रूढ झाली, आणि ती पुढे भूमध्य समुद्राच्या दोन्ही तीरांवर शतकानुशतके नांदली. तेलात किंवा चरबीत कालवलेल्या मँगनीजची रेघ ओढून दोन झिलयांना एकमेकींत मिसळू न देण्याची युक्तीही त्याच परंपरेतली. तेथे मँगनीज बांधावरच्या मेरेसारखे काम करते, स्वतः दिसते थोडे, पण शेजाऱ्यांचे तंटे मिटवते. चीनमध्ये मिंग काळच्या फाहुआ भांड्यांवर क्षारयुक्त झिलईतला वांगी जांभळा फुलला. हॉलंडमध्ये डेल्फ्टच्या फरशांवर निळ्याचा धाकटा भाऊ म्हणून तो वावरला. इंग्लंडात मात्र त्याला शिशाची संगत मिळाली. यॉर्कशायरमधल्या रॉकिंगहॅम भांड्यांची ती दाट, चमकदार तपकिरी झिलई शिसे आणि मँगनीज यांची, आणि वेजवुड यांनी १७६८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या काळ्या बसाल्ट भांड्यांच्या मातीतही लोहाबरोबर मँगनीजच आहे. विसाव्या शतकात व्हिएन्नाहून १९३८ साली लंडनला आश्रयास आलेल्या लूसी री यांनी मँगनीज आणि तांबे यांच्या मिश्रणाचा जो कांस्यवर्णी, ओघळता तवंग आपल्या वाडग्यांच्या काठावर आणला, त्याने आजच्या स्टुडिओ-कुंभारांना वेड लावले आहे. हे वेड सुंदर असले तरी बिनधोक नाही. त्याविषयी पुढे बोलतो.

या साऱ्या घराण्यांत महाराष्ट्राचे स्थान विचित्र आहे. जगाच्या बाजारात नाव असलेले मँगनीज आमच्या मुलखातून निघते, आणि रंग म्हणून ते आमच्या भांड्यांवर फारसे उतरत नाही. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटकडे जाणारा खनिजाचा पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटास खाणवाल्यांच्या नजरेस आला. रामटेकजवळच्या मनसरची खाण तेव्हापासूनची. भूशास्त्र खात्याचे फर्मोर यांनी १९०९ साली हिंदुस्थानातील मँगनीजवर जो प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या पट्ट्याचा तपशील एखाद्या जमाबंदी अधिकाऱ्याच्या चिकाटीने नोंदवलेला आहे, आणि तेथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले, जे आजही भूशास्त्रात चालते. १९६२ साली सरकारी भागीदारीने स्थापन झालेली मॉइल ही कंपनी मनसर, कांद्री, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग या खाणी चालवते. त्यांपैकी डोंगरी बुजुर्गचे डायऑक्साइड विजेऱ्यांच्या कोरड्या घटांसाठी नावाजलेले. मात्र हे सारे खनिज मुख्यतः ऑक्साइडच्या रूपातले आहे. कार्बोनेट त्यापासून कारखान्यात करावे लागते. खनिज गंधकाम्लात विरघळवून सल्फेट करायचे, आणि सोड्याने किंवा अमोनियम बायकार्बोनेटने त्यातून कार्बोनेटचा साका पाडायचा. साका नीट धुतला गेला नसेल तर त्यात सल्फेटचे आणि सोड्याचे अवशेष राहतात. फॉस्फेटच्या टाकीला त्यांची खंत नसली तरी झिलईच्या पृष्ठभागावर ते पांढुरका थर आणतात. म्हणून शेडमधले पोते जसेच्या तसे कुंभाराच्या कामी येईलच, असा भरवसा धरू नये.

रंग म्हणून मँगनीज आमच्याकडे रुजले नाही, याचे कारण कुंभारांचे अडाणीपण नव्हे. आमचा कुंभार झिलईविना काम करीत आला, कारण माठाने पाझरावे हीच त्याच्या गिऱ्हाइकाची अपेक्षा होती. झिलईदार भांडे आमच्या घरात आले ते लोणच्याच्या बरणीच्या रूपाने, वर तपकिरी आणि खाली पांढरट, आणि ती बरणी बाजारातून येत असे, गावच्या आव्यातून नव्हे. मुंबईच्या कलाशाळेत जॉर्ज टेरी यांच्या पुढाकाराने १८७० च्या दशकात मृत्पात्रांची कार्यशाळा उभी राहिली. सिंधी वळणाच्या झिलईची आणि अजिंठ्याच्या चित्रांवरून घेतलेल्या आकृत्यांची तिची भांडी परदेशी प्रदर्शनांतून गाजली, पण त्या विद्येची पाळेमुळे गावापर्यंत गेली नाहीत. ती नेण्याचा खटाटोप पुढे ग्रामोद्योगाच्या चळवळीने केला. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या कुंभारकाम संस्थेत मराठी-कानडी कुंभारांच्या पिढ्या झिलई शिकल्या, आणि चांदा जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांच्या ग्रामोदय संघाने कुंभाराला चिनी मातीच्या धंद्यात बरोबरीचे स्थान मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचले. पुढच्या पिढीत निर्मला पटवर्धन यांनी झिलयांचा अभ्यास इतक्या बारकाईने केला, की 'हँडबुक फॉर पॉटर्स' हे त्यांचे पुस्तक भारतभरच्या स्टुडिओंतून डागाळलेल्या, चिखलाच्या बोटांनी उलटलेल्या पानांनिशी आढळते. ते पुस्तक इंग्रजीत आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या सर्वांच्या आळसाविषयी, की इतक्या वर्षांत झिलईच्या गणिताची एक वही मराठीत कुणी छापली नाही.

त्यातून हा काळ असा आला आहे, की ती वही नसणे परवडणारे नाही. पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांतून विजेच्या लहान भट्ट्या बसू लागल्या आहेत. संगणकाच्या नोकरीतल्या मुली, मशीनशॉपमधून निवृत्त झालेले फोरमन, शाळेतले चित्रकलाशिक्षक मातीकडे वळत आहेत, आणि या नव्या कुंभारांचा एक गुण जुन्यांत नव्हता : तोल, ताप आणि नोंद यांची त्यांना कारखान्याने शिस्त लावलेली आहे. ज्याने आयुष्यभर मायक्रोमीटर धरला, त्याला चाचणी-फरशीवर क्रमांक घालायला सांगावे लागत नाही. शिवाय ज्या भूमीवर ही वस्ती उभी आहे, तीच झिलईचा कच्चा माल आहे. मोशीच्या खडी क्रशरखाली साचणारी काळी भुकटी म्हणजे दख्खनचा बसाल्ट. त्यात लोहाची ऑक्साइडे शेकडा १३-१४ आणि मँगनीजही शेकडा ०.२ च्या आसपास असते. बाराशे अंशांच्या वर ती आपसूक वितळून तपकिरी-काळी झिलई होते. लेखकांनी तिला दोन-चार टक्के कार्बोनेटची जोड देऊन जे काळे रंग मिळवले आहेत, ते मी पाहिले. चाकणच्या संग्रामदुर्गाच्या पावसात भिजलेल्या चिऱ्यांची मला आठवण झाली. हे त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "उपमा ठीक आहे, पण ॲल्युमिना थोडा जास्त आहे."

आता धोक्याविषयी, येथे मी कोणताही अलंकार वापरणार नाही. मँगनीजची धूळ आणि भट्टीतून निघणारे त्याचे धूर दीर्घकाळ श्वासावाटे गेले तर मेंदूवर परिणाम होतो. चाल अडखळते, चेहऱ्यावरचे भाव गोठतात, हात थरथरतात. ग्लासगोचे वैद्य कूपर यांनी काळे मँगनीज दळणाऱ्या कामगारांतला हा विकार १८३७ सालीच नोंदवला होता, आणि आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत मँगनीजची विषबाधा ही कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत गणली गेली. ज्या पट्ट्यात वेल्डिंग करणाऱ्याला मुखवट्याची आठवण फलकांनी करून दिली जाते, त्याच पट्ट्यात गच्चीवरच्या भट्टीशेजारी आई भुकटी चाळते आहे आणि मूल अभ्यास करते आहे, असे दृश्य मी पाहिले आहे. कार्बोनेट फिकट आणि मऊ दिसते म्हणून ते डायऑक्साइडहून निरुपद्रवी, हा समज खोटा आहे. कोरडी भुकटी उडू देऊ नये, नाकावर धूळ अडवणारा योग्य मुखवटा असावा, ओल्या फडक्यानेच पुसावे, आणि भट्टी पेटलेली असताना त्या खोलीत कुणी बसू नये. लूसी री यांच्या वळणाची धातुमय, मँगनीजने तुडुंब झिलई खाण्याच्या भांड्याच्या आतल्या अंगाला लावू नये. आमसुलाचे सार, चिंचेची आमटी आणि वर्षभर मुरणारे लोणचे ही आपल्या स्वयंपाकघरातली आम्ले सौम्य नाहीत. याबाबतीत लेखक माझ्याहून सैल आहेत. शेकडा चार-पाचपर्यंतचे प्रमाण, चांगल्या वितळलेल्या झिलईत, प्रयोगशाळेत आम्लाची चाचणी करून वापरावे, असे त्यांचे मत. बरणीच्या पोटात मँगनीजच नको, असे माझे. आम्ही दोघांनीही आपापले मत मागे घेतलेले नाही, आणि पुस्तकात त्यांचे छापले आहे.

पुस्तकाचा बेत लहान आहे. सर्व रंगद्रव्यांचा कोश करण्याचा मोह लेखकांनी टाळला आणि एकाच भुकटीच्या मागे ते वेगवेगळ्या झिलयांतून फिरत राहिले. प्रत्येक ठिकाणी झिलईची घटना, तिच्यातल्या ऑक्साइडांचे प्रमाण दाखवणारे सेगर यांच्या पद्धतीचे सूत्र, तापाचा आलेख आणि निघालेला रंग एवढेच त्यांनी मांडले आहे. फसलेल्या फरशाही त्यांनी गाळलेल्या नाहीत, आणि माझ्या मते पुस्तकाचा सर्वांत उपयोगी भाग तोच आहे. परिभाषेबाबत त्यांच्याशी माझी थोडी झटापट झाली. 'काचलेप' हा शब्द त्यांना अधिक शास्त्रशुद्ध वाटत होता. मी 'झिलई' साठी अडून बसलो, कारण कल्हईवाल्यापासून सोनारापर्यंत सर्वांच्या तोंडी तो शब्द आहे आणि कुंभाराने नवा शब्द आणून गिऱ्हाइकाला बुचकळ्यात टाकण्याचे कारण नाही. मँगनीजला मात्र मराठी नाव शोधण्याचा उद्योग आम्ही केला नाही. भंडाऱ्याच्या खाणीत, भोसरीच्या शेडमध्ये आणि चिंचवडच्या गच्चीवर त्याला मँगनीजच म्हणतात.

एक सूचना नवख्यासाठी. या सूत्रांतला प्रत्येक रंग एका विशिष्ट विजेच्या भट्टीत, बहुधा १,०८० ते १,२४० अंशांच्या दरम्यान, मिळालेला आहे. तुमची भट्टी गॅसची असेल, तुमची माती वेगळी असेल, तुमचा सोडा दुसऱ्या कारखान्याचा असेल, तर रंगही वेगळा येईल, आणि तो वेगळा आला म्हणून लेखकांना दूरध्वनी करू नये. पाच फरशा करा, कार्बोनेट शेकडा दोनपासून दहापर्यंत चढवत न्या, मागे क्रमांक आणि तारीख कोरा, आणि मगच पुढचे पान उलटा. लेखकांच्या गच्चीवरच्या भट्टीला आज झेंडूची माळ घातली आहे. आत अठ्ठेचाळीस फरशा भरलेल्या आहेत आणि उद्या सकाळपर्यंत ती उघडायची नाही.

चिंचवड, खंडेनवमी